बंदुका शोधायला निघालेला वर्ध्याचा पांडुरंग

अमेरिकेत जुन्या लष्करी बंदुका जमवणाऱ्या लोकांची एक वेगळीच दुनिया आहे. आपल्याकडे कुणी नाणी जमवतं, कुणी तिकिटं, कुणी अडकित्ते. तिकडे निवृत्त माणसं शनिवार-रविवारी जत्रेसारख्या भरणाऱ्या बाजारांत जाऊन एकोणिसाव्या शतकातल्या घोडदळाच्या कार्बाइन हुडकत असतात. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची बंदूक. घोड्यावर बसून लांबलचक रायफल सांभाळता येत नाही, म्हणून स्वारासाठी ही छोटी बहीण. आपल्याकडे पेशवाईतल्या कागदांत हिच्या पूर्वजांना ‘कडाबीन’ म्हणायचे. शब्द तोच, फक्त लांबून प्रवास करून आलेला.

या संग्राहकांची लाडकी म्हणजे १८७३ ची स्प्रिंगफिल्ड. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनलेली. टोपणनाव ‘ट्रॅपडोअर’. नळीच्या मागच्या बाजूला माळ्याच्या झापेसारखं झाकण असतं. ते वर उघडायचं, एक काडतूस सरकवायचं, झाकण बंद करायचं, गोळी झाडायची. पुन्हा झाकण वर, रिकामं टरफल बाहेर, पुढचं काडतूस आत. एका वेळी एकच गोळी. हात बसलेला सैनिक मिनिटाला दहा-बारा बार काढायचा. रायफलीची नळी साडेबत्तीस इंचांहून थोडी जास्त, कार्बाइनची फक्त २२. डाव्या बाजूला एक लोखंडी पट्टी आणि त्यात कडी. स्वाराच्या खांद्यावरून आलेल्या पट्ट्याला ही कडी अडकवली की घोडा उधळला तरी बंदूक पडत नाही.

खरी-खोटी ओळखायची तर संग्राहक ही कडी बघतो, दस्त्यावरचा तपासनिसाचा शिक्का बघतो, त्यातलं साल बघतो, नंबर बघतो. कारण लबाडी बरीच चालते. रायफल स्वस्त, कार्बाइन महाग, मग रायफलीची नळी कापून ‘ओरिजिनल कार्बाइन’ विकायची. १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईच्या आधी बनलेली असेल तर भाव आणखी चढतो. त्या लढाईत जनरल म्हणून ओळखला जाणारा कस्टर आणि त्याच्या हाताखालची तुकडी मूळनिवासी योद्ध्यांसमोर संपली, आणि तेव्हा सैनिकांच्या हातात याच कार्बाइन होत्या. तांब्याची टरफलं तापून नळीत अडकायची आणि सैनिक चाकूने ती उचकटत बसायचे, हेही नंतर पुढे आलं. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणे १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते आणि तिला बंदुकीचे बरेचसे नियम लागत नाहीत. ट्रॅपडोअर सगळ्या या रेषेच्या अलीकडच्या. म्हणून त्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, दिव्याखाली टांगता येतात.

हे सगळं ठाण्याच्या पानावर कशाला, असं वाटत असेल तर आकडा ऐका. १९१५ साली अशा २,४०० स्प्रिंगफिल्ड कार्बाइन, ८,०८० स्प्रिंगफिल्ड रायफली, ४१० हॉचकिस रायफली, ५०० कोल्ट रिव्हॉल्व्हर, २५० माउझर पिस्तुलं आणि तब्बल ४० लाख काडतुसं एका जहाजावर चढली होती. मुक्कामाचं ठिकाण: हिंदुस्थान. ज्या पक्षासाठी हा माल निघाला त्या गदर पक्षाच्या लढाऊ बाजूचा एक म्होरक्या मराठी होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलंय. त्याच गवाणकरांनी खानखोजेंवरही पुस्तक लिहिलंय, ‘नाही चिरा’. ते मात्र फार जणांच्या हातात दिसत नाही.

खानखोजे वर्ध्याचे. जन्म १८८० च्या दशकातला. घरात आजोबांकडून सत्तावनच्या गोष्टी ऐकत वाढलेला मुलगा. त्या गोष्टींत बंदुका होत्या, पण आजूबाजूला नव्हत्या, कारण १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा आणला होता. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा. युरोपियनांना मात्र मोकळीक. आज आपल्याला बंदूक घरात नसणं हीच नॉर्मल गोष्ट वाटते, आणि ते बरंच आहे. पण तेव्हाच्या तरुणाला त्यातला अपमान आधी दिसायचा. साहेबाला चालतं, मला नाही.

टिळकांचा प्रभाव विदर्भात जोरात होता आणि पांडुरंग त्यात पुरता ओढला गेला. घरच्यांनी लग्नाचं बघावं आणि याने क्रांतीचं. टिळकांच्याच सल्ल्याने लष्करी शिक्षण घ्यायला परदेशी जायचं ठरलं. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवल्यावर आशियातल्या प्रत्येक बंडखोर पोराला टोकियोची स्वप्नं पडत होती. खानखोजे जपानला पोहोचले खरे, पण जपानचा ब्रिटनशी दोस्तीचा करार होता. मग तिथून पुढे, पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्निया. खिशात फारसं काही नाही. हॉटेलात भांडी घासणं, शेतात राबणं, मिळेल ते काम.

सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन राफेलला माउंट टॅमलपायस मिलिटरी अकॅडमी होती. तिथे त्यांनी लष्करी शिक्षण घेतलं. कवायत, नेमबाजी, तुकडी कशी हलवायची. अमेरिकेत हे जमलं याची गंमत वाटते. ज्या गोष्टीसाठी वर्ध्यात तुरुंगवास झाला असता, त्याचं इथे सर्टिफिकेट मिळत होतं.

त्याच सुमारास आपल्या शहरात काय चाललं होतं? नौपाड्यातून रिक्षा केली तर काही मिनिटांत ठाणे कारागृहाच्या भिंतीशी पोहोचता येतं. १९ एप्रिल १९१० ला तिथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. नाशिकच्या विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनला मारल्याबद्दल. कान्हेऱ्यांच्या हातातलं ब्राउनिंग पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या २० पिस्तुलांपैकी होतं. चतुर्भुज अमीन यांच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यात बसून ती वीस पिस्तुलं बोटीने आली होती. वीस! एवढ्या वीस नगांवर एक कट रचला गेला, एक कलेक्टर गेला, तीन तरुण फासावर गेले आणि सावरकरांना जन्मठेप झाली. शस्त्रांचा तुटवडा म्हणजे काय, हे या वीसच्या आकड्यावरून कळतं. पुढचा २,४०० चा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघायचा.

अमेरिकेत खानखोजे शेतीही शिकत होते. ओरेगनच्या कृषी महाविद्यालयात आणि मग वॉशिंग्टन राज्यात. हा निव्वळ बुरखा नव्हता, त्यांना शेती मनापासून आवडायची. पण त्यांच्या आयुष्याचा हा दुसरा धागा तेव्हा कुणाच्या, कदाचित त्यांच्याही, फारसा लक्षात आला नसावा. ओरेगनमध्ये लाकडाच्या गिरण्यांत शेकडो पंजाबी मजूर होते. त्यातले बरेच ब्रिटिश फौजेत नोकरी करून आलेले. म्हणजे बंदूक चालवणारे हात तयार होते, फक्त बंदूक नव्हती. पोर्टलंडच्या पंडित काशीरामांबरोबर खानखोजे या वस्त्यांमध्ये फिरले, माणसं जोडली. १९१३ मध्ये सोहनसिंग भाकना अध्यक्ष, लाला हरदयाळ सरचिटणीस आणि काशीराम खजिनदार अशी संघटना उभी राहिली. १ नोव्हेंबर १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या युगांतर आश्रमातून ‘गदर’ वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला आणि पक्षालाच ते नाव चिकटलं. पक्षाची दोन अंगं होती, प्रचार आणि प्रहार. प्रहार खानखोजेंकडे.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि सगळ्यांनाच घाई झाली. विष्णू गणेश पिंगळे, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे, गदरच्या लोकांबरोबर भारतात परतले. मार्च १९१५ मध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांच्याबरोबर एकोणीस वर्षांचा कर्तारसिंग सराभा. एकोणीस म्हणजे एफवाय-एसवायचं वय. खानखोजेंनी दुसरी वाट धरली. तुर्कस्तानमार्गे इराण आणि तिथून बलुचिस्तानच्या सरहद्दीवर धडक मारायची. ते अमेरिकेतून निघाले आणि त्यांच्या मागे बंदुकांचा तो मोठा सौदा झाला. म्हणजे या खरेदीत त्यांचा स्वतःचा हात नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण ज्या हत्यारांचं स्वप्न बघत ते वर्ध्यातून निघाले होते, ती इतिहासात एकदाच एवढ्या संख्येने भारताच्या दिशेने निघाली, ती अशी.

सौदा केला जर्मनांनी. वॉशिंग्टनमधला जर्मन लष्करी अधिकारी फ्रान्झ फॉन पापेन, जो पुढे १९३२ मध्ये जर्मनीचा चॅन्सलर झाला, त्याच्या सांगण्यावरून क्रुप कंपनीचा अमेरिकेतला एजंट हान्स टाउशर याने माल उचलला. हा टाउशर एका प्रसिद्ध ऑपेरा गायिकेचा नवरा. माल सहज मिळण्यासारखाच होता. अमेरिकन फौजेला १८९० च्या दशकात नवी क्राग रायफल मिळाली आणि ट्रॅपडोअर निकालात निघाल्या. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी त्या वापरल्या तेवढंच, नंतर भंगारात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर फ्रान्सिस बॅनरमनचं लष्करी भंगाराचं प्रचंड दुकान होतं. युद्धातला माल इतका साठला की त्याने हडसन नदीतलं एक अख्खं बेट विकत घेऊन तिथे किल्ल्यासारखं गोदाम बांधलं. या बॅनरमनचे जाडजूड कॅटलॉग चाळत अमेरिकेतल्या पोरांना जुन्या बंदुका जमवायचा नाद लागला, आजच्या संग्राहकांची पाळंमुळं तिथलीच. म्हणजे एकाच काळात, एकाच प्रकारच्या मालाकडे दोन प्रकारची माणसं बघत होती. एकाला भिंतीवर लावायला हवी होती, दुसऱ्याला साम्राज्य उलथायला.

८ मार्च १९१५ ला ‘ॲनी लार्सन’ नावाचं शिडाचं जहाज सॅन दिएगोहून सुटलं. कागदोपत्री माल मेक्सिकोला चाललेला. मेक्सिकोत यादवी चालू होती, तेव्हा कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. खरा बेत असा: मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून लांब सोकोरो नावाच्या ओसाड बेटापाशी ‘मॅव्हेरिक’ हे तेलवाहू जहाज येणार, बंदुका त्याच्या एका रिकाम्या टाकीत भरणार, वरून तेल सोडणार, म्हणजे कुणी तपासलं तरी दिसणार नाही. काडतुसं दुसऱ्या टाकीत. मग पॅसिफिक पार करून बंगालच्या उपसागरात, जिथे बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार वाट बघत होते.

आणि मॅव्हेरिक उशिरा आलं. वाट बघता बघता ॲनी लार्सनवरचं पिण्याचं पाणी संपत आलं, सोकोरोवर गोड्या पाण्याचा पत्ता नाही, त्यामुळे जहाज पाण्यासाठी निघून गेलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच मॅव्हेरिक पोहोचलं. त्याच्यावर नोकरांच्या वेशात पाच हिंदी तरुण होते. ब्रिटिश युद्धनौका तपासणीला आली तेव्हा त्यांनी बरोबरची गदरची पत्रकं जाळून टाकली. दोन्ही जहाजं पॅसिफिकमध्ये एकमेकांना शोधत राहिली आणि कधीच भेटली नाहीत. व्हॉट्सॲपच्या काळात हे वाचताना डोकं धरून बसावंसं वाटतं. जून १९१५ च्या अखेरीस ॲनी लार्सन अमेरिकेच्याच वायव्य किनाऱ्यावर, होक्विअम बंदरात लागलं आणि कस्टमने सगळा माल जप्त केला. मॅव्हेरिक रिकामंच बटाव्हियाला गेलं. सप्टेंबरमध्ये बालासोरजवळ पोलिसांनी बाघा जतीन यांना गाठलं. त्यांच्याकडे होती माउझर पिस्तुलं, कलकत्त्याच्या रोडा कंपनीच्या मालातून वर्षभरापूर्वी पळवलेल्या ५० पैकी. जतीन दुसऱ्या दिवशी गेले.

आता एक प्रश्न, जो देशभक्तीच्या भरात आपण विचारत नाही. समजा माल पोहोचला असता, तर? ट्रॅपडोअर तेव्हा चाळीस वर्षं जुनी रचना होती. काळ्या दारूचं काडतूस, त्यामुळे एक बार काढला की धुराचा ढग, आणि झाडणारा कुठे लपलाय ते समोरच्याला दिसणार. समोर ब्रिटिश फौजेची दहा गोळ्यांची, बिनधुराची ली-एन्फिल्ड. शिवाय या बंदुकांचं काडतूस भारतात कुठेच मिळणार नव्हतं. ४० लाख हा आकडा मोठा वाटतो, पण लांब बंदुकांवर भागला तर प्रत्येकीला साडेतीनशेच्या आसपास येतात. ती संपली की हातात राहणार लोखंडी कडी असलेली काठी. मला वाटतं जर्मनांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांना भारत जिंकून द्यायचा नव्हता, ब्रिटिशांची फौज तिकडे अडकवून ठेवायची होती. मरणारे आपले, भंगार त्यांचं. तरीही ज्यांनी वीस पिस्तुलांवर कट रचले होते, त्यांना दहा हजार बंदुका बघून काय वाटलं असेल, तेही समजून घ्यायला हवं. उपाशी माणूस शिळ्या भाकरीचा वास घेत बसत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबर १९१७ पासून खटला चालला. एप्रिल १९१८ मध्ये शेवटच्या दिवशी भर कोर्टात गदरच्याच रामसिंगने नेते रामचंद्र यांना गोळी घातली आणि मार्शलने रामसिंगला. पक्षातली भांडणं अशी संपली.

खानखोजे तेव्हा इराणमध्ये. केरमानपर्यंत मजल, टोळ्यांशी बोलणी, जर्मन हेर वासमुसशी संधान. ब्रिटिशांनी पकडलं, निसटले, वेश बदलून भटक्या टोळ्यांत राहिले. शिराझमध्ये सूफी अंबाप्रसाद ब्रिटिशांच्या कैदेत गेले. साथीदार एक एक करून कमी होत गेले. खानखोजेंची प्रहारची फौज म्हणावी अशी शेवटी उरलीच नाही. युद्ध संपल्यावर ते बर्लिनला, तिथून १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्या गटाबरोबर मॉस्कोला. तिथेही काही हाती लागलं नाही. ब्रिटिशांच्या यादीत नाव, मायदेशी परतणं बंद.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले. ॲनी लार्सनच्या खोट्या कागदांवर जो देश लिहिला होता, तोच. फरक एवढाच की हे खरोखर पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, आणि ओरेगनमधला तो दुसरा धागा इथे वर आला. मक्याच्या नव्या जाती, जंगली वाणांशी संकर, कोरडवाहू शेतकऱ्याला परवडेल असं बियाणं. १९३० मध्ये मक्याच्या नव्या जातींवरचं त्यांचं काम प्रसिद्ध झालं. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा निघाल्या, त्यात ते पुढे होते. मेक्सिकोतली क्रांती नुकतीच शमलेली, शेतकऱ्याच्या हातातली बंदूक काढून तिथे नांगर द्यायचा होता, आणि हे काम त्यांच्याइतकं कुणाला कळणार! त्यांच्या मक्याच्या कणसांचे फोटो कुणी काढले माहितीये? टिना मोदोत्ती, त्या काळातली गाजलेली छायाचित्रकार. दिएगो रिव्हेराशीही त्यांची ओळख. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रिव्हेराने १९२८ मध्ये जी चित्रं रंगवली त्यातल्या एकात जेवणाच्या टेबलाशी भाकरी वाटणारा माणूस आहे. तो चेहरा खानखोजेंचा. त्याच इमारतीत, त्याच मालिकेत दुसरं एक चित्र आहे, शस्त्रागाराचं. त्यात फ्रिडा काहलो क्रांतिकारकांना रायफली वाटते आहे आणि टिना मोदोत्तीच्या हातात काडतुसांचा पट्टा आहे. आपला प्रहारवाला मात्र भाकरीच्या चित्रात.

१९३६ मध्ये त्यांनी जान या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. १९४७ आलं. १९४९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांत सरकारने शेतीचा सल्ला द्यायला बोलावलं म्हणून ते भारतात आले, तर विमानतळावरच अडवलं. ब्रिटिशांच्या काळ्या यादीतलं नाव स्वतंत्र भारताच्या कचेरीत कुणी खोडलंच नव्हतं. १९५५ मध्ये ते नागपूरला कायमचे राहायला आले आणि २२ जानेवारी १९६७ ला तिथेच गेले. थोरल्या लेकीने नंतर इंग्रजीत त्यांचं चरित्र लिहिलं. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला, अनावरणाला लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला गेले होते.